तरंग, गालगुंड आणि सुंभाची गाठ

आमच्या घराण्यात दुबळा पुरुष जन्माला येत नाही. देवीनेच तशी व्यवस्था करून ठेवली आहे.

हे वाक्य आमच्या गावात आवाज खाली आणून बोलतात. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षे त्यावर विश्वासही ठेवला. आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. त्यात ते खुर्चीवर बसले आहेत, आणि दोघांत खुर्ची अधिक भरदार दिसते. पण फोटो पुरावा म्हणून धरायची पद्धत आमच्याकडे नाही.

या वाक्यामागे तरंग आहे. तरंग म्हणजे देवीचा खांब. दोन पुरुष उंचीचा, वर पितळेचा मुखवटा, आणि वरपासून खालपर्यंत नवसाची लुगडी गुंडाळलेली. दसऱ्याला तो देवळातून निघतो, गावाच्या शिवेवरच्या आपट्यापर्यंत जातो आणि परत येतो. वाहणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घरातला. इतरांनी त्याला हात लावायचा नाही. एरवी आम्हीसुद्धा लावायचा नाही. त्यामुळे तरंग किती जड आहे हे सगळ्या गावाला माहीत होते आणि वाहणाऱ्याखेरीज उचलून कोणीच पाहिले नव्हते.

मुंबई राज्य अजून मोडले नव्हते, त्या काळातल्या एका दसऱ्याला माझ्या वडिलांचा गुडघा आपट्याजवळ लटपटला. तरंग कलला, बायका किंचाळल्या. वडिलांनी तो सावरला आणि रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "फुडल्या दसऱ्याक तू, झिला. नायतर मान बापूच्या घराक जातलो."

बापू माझा चुलतभाऊ. त्याचे दंड पाहिले की आमच्या घराण्याबद्दलचे ते वाक्य खरे वाटायचे. माझे पाहिले की देवीच्या व्यवस्थेत कुठेतरी सुट्टी पडली असावी असे वाटायचे. मी सव्वीस वर्षांचा, प्राथमिक शाळेचा मास्तर. वर्षभरात तरंग उचलण्याइतके बळ अंगात आणायचे होते.

मांगरातली तालीम

तालीम शिकवायला बापूच पुढे आला, हे त्याचे मोठेपण. मला जमले नाही तर मान त्याच्याकडे जाणार होता, तरी तो रोज पहाटे मला हाका मारायचा. त्याच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या सामान ठेवायच्या घरात, आम्ही चारपाच जण जोर-बैठका काढायचो. भिजवलेले चणे, अंडी, सुरमईची डोकी, म्हशीचे दूध, सगळे झाले. माझी बायको इंदू मुकाट्याने वाढायची आणि मी मुकाट्याने खायचो.

मला मोजमापाची खोड आहे. काथ्याचे सुंभ घेऊन मी प्रत्येकाच्या दंडाभोवती गुंडाळले आणि प्रत्येकाच्या नावाने गाठ मारून खुंटीला अडकवले. दर पौर्णिमेला पुन्हा मोजायचे. तीन पौर्णिमांत बाकीच्यांच्या गाठी सरकल्या. एकजण तर बैठका मोजताना दहानंतर थेट पंधरावर जायचा, त्याचीसुद्धा सरकली. माझी हलली नाही.

"मास्तर, तू चणे खातंस काय नुसतो शिकवतंस त्येंका?" बापू म्हणायचा.

मी हसायचो, पण मला कुतूहल वाटू लागले होते. मेहनत तीच, खाणे त्याहून बरे, आणि अंगात काहीच मुरत नव्हते. पत्र बरोबर पत्त्यावर टाकावे आणि त्या घरात वाचणाराच कोणी नसावा, तसे काहीसे.

चैत्रात बापूने परीक्षा घेतली. आमच्याकडे तांदूळ गवताच्या वेठणात आवळून बांधतात, त्याला मुडी म्हणतात. धडधाकट गडी एक मुडी पाठीवर घेऊन चढ चढतो. "तरंग मुडयेपेक्षा जड," बापू म्हणाला. "आधी मुडी घेवन खळ्याक एक फेरो मार." मी अर्धे खळे चाललो. मग माझे गुडघे वाकले, मुडी सुटली आणि तांदूळ अंगणभर पसरले. कोंबड्या धावून आल्या. बापू त्यांना हाकलता हाकलता म्हणाला, "बघ, ह्येंका तरी तुझो उपयोग झालो." वडील ओट्यावर बसले होते. ते हसले नाहीत. उठून आत गेले.

गोपाळ न्हाव्याचे निदान

आमचा न्हावी गोपाळ दर रविवारी घरी यायचा. त्या प्रसंगानंतरच्या रविवारी त्याने माझ्या तोंडाला साबण लावला, वस्तरा फिरवला आणि आजूबाजूला कोणी नाही असे बघून हळूच म्हणाला,

"मास्तरानु, रागवतलात नाय मा?"

"नाय. बोल."

"तीन वर्सां झाली, मी तुमच्या गालार नुसतो साबण खरवडतंय."

मी आरसा मागितला. त्यात जो दिसला तो माझ्या ओळखीचा होता, पण विसाव्या वर्षी मला दर दोन दिवसांनी दाढी करावी लागायची हेही मला आठवत होते. ती कधी गेली ते मला कळले नव्हते. माणूस रोज स्वतःला बघतो, त्यामुळे बघतच नाही.

"मगे आधी कित्याक नाय सांगलंस?"

"सांगान काय करू? खळ्यात लोकां बघतत. सगळ्यांची दाढी केली आणि तुमची नाय केली, तर इचारतले. म्हटला, आपलो साबण गेलो तर जावंदे."

आजारपणात माझ्यावर अनेकांनी उपकार केले. पण तीन वर्षे नसलेली दाढी न चुकता करणे, याच्या तोडीचा उपकार दुसरा कोणी केला नाही.

मग गोपाळने त्याच्या मावशीच्या नवऱ्याची हकिकत सांगितली. त्याला मोठेपणी गालगुंड झाले होते आणि पुढे त्याचीही दाढी अशीच गेली होती. गालगुंड मलाही झाले होते. एकोणिसाव्या वर्षी. गालांची सूज उतरली आणि खाली, ज्याबद्दल बोलायचे नसते तिथे, चढली. दहा दिवस मी पाय फाकून पडून होतो. वडील निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. बरा झाल्यावर कोणी तो विषय काढला नाही. मीही नाही.

आता एकेक गोष्ट जुळू लागली. दुपारी शाळेत येणारी झोप. थंडीतसुद्धा अचानक अंगातून जाणारी गरम वाफ. आणि लग्न होऊन दोन वर्षे झाली तरी रात्री मला बायकोपेक्षा वर्तमानपत्रातल्या अग्रलेखात जास्त रस वाटायचा. मी त्याला वाचनाची आवड समजत होतो.

निदानाचा दिवस

मालवणच्या डॉक्टरांनी दार लावून मला तपासले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: गालगुंड कधी झाले, आणि खाली उतरले होते का. मी उत्तरे दिल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला. डॉक्टरने टाक खाली ठेवला की घाबरावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

"पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो," ते म्हणाले. "टेस्टोस्टेरॉन म्हणतात. दाढी, आवाज, स्नायू, उमेद, सगळे त्याच्यावर चालते. तुमच्यात तो फार कमी असावा. मुंबईला जाऊन खात्री करून घ्या. पावसाळ्याआधीची बोट पकडा."

"व्यायाम वाढवला तर?"

"चूल पेटलेली नसताना भांडे कितीही मोठे घेतले तरी भात शिजत नाही."

बाहेर बाजार भरला होता. बांगड्यांचे ढीग होते, घासाघीस चालली होती, आणि प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून तो एक शब्द मनात म्हणतो आहे असे मला वाटत होते. तो शब्द या हकिकतीत एकदाही कोणी मला म्हणाले नाही. तरी सगळा वेळ मी त्यालाच घाबरत होतो. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, आजारापेक्षा हा शब्द जास्त थकवतो, आणि तो बहुतेक वेळा आपणच आपल्याला म्हणत असतो.

बाटली

बंदरातून होडीने बोटीपर्यंत गेलो, आणि बोटीतून मुंबईपर्यंत ओकत गेलो. इस्पितळात मला काचेची एक भली मोठी बाटली मिळाली. चोवीस तासांची सगळी लघवी तिच्यात जमवायची, एक थेंब बाहेर जाता कामा नये. कोणी तरंग वाहिला नसेल इतक्या निष्ठेने मी ती बाटली काखेत घेऊन वॉर्डभर फिरलो.

सकाळी मोठे डॉक्टर यायचे. पुढे ते, मागे धाकटे डॉक्टर, त्यांच्या मागे दहाबारा विद्यार्थी, शेवटी नर्स आणि केसपेपर. चालण्याचा वेग, थांबण्याच्या जागा, कोणी कोणाच्या किती मागे राहायचे, सगळे ठरलेले. मला एकदम गावची आठवण झाली. फक्त ढोल नव्हते. ते माझ्या खाटेशी थांबायचे, पांघरूण बाजूला व्हायचे, आणि मुंबईतली सुशिक्षित तरुण मंडळी जिथे बघायची तिथे मी स्वतःही सात वर्षे नीट बघितले नव्हते. पहिल्या दिवशी मला मरावेसे वाटले. तिसऱ्या दिवशी मी मान उंचावून ते काय बोलतात ते ऐकू लागलो.

"तुम्हाला ताकद कशासाठी हवी आहे?" मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारले.

"देव उचलायचा आहे."

विद्यार्थी हसले. डॉक्टर हसले नाहीत. "कधी?"

"दसऱ्याला."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "इंजेक्शने आजपासून सुरू केली तर बऱ्यापैकी उचलाल." मग ते खाटेच्या कडेला बसले, जे ते सहसा करत नसत. "दाढी येईल, बळ येईल, बाकी संसारही सुधारेल. मुलाची आशा मात्र धरू नका. ते औषध माझ्याकडे नाही."

असे सरळ बोलणारा माणूस भेटला हे माझे भाग्य. त्या दिवशी तसे वाटले नाही.

इंदू

परत आलो तेव्हा इंदू मागच्या पडवीत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले. ती विळीवरून नजर न उचलता ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्यात खोट नाय?"

"नाय."

तिने एक तिसरी फोडली. "एकवीस सोमवार उपाशी रवलंय मी. शेजारणीन सांगलेलो पालो खाल्लंय, त्येच्यान आठ दिवस पोटात दुखला. ता आता कोण परत घेतलो?"

ती रडली, मग डोळे पुसायला गेली आणि हाताला लागलेले तिसऱ्यांचे खारे पाणी डोळ्यात गेले, म्हणून आणखी रडली. थोड्या वेळाने म्हणाली, "इंजेक्शन दुखता?"

"दुखता."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि मला वाटते त्या क्षणी आमचा संसार पुन्हा सुरू झाला.

तेल

औषध तेलातले होते. काचेच्या कुप्या मी मुंबईहून पावसाळाभर पुरतील एवढ्या आणल्या होत्या, कारण पावसात बोटी बंद. इंदूने त्या भाताच्या तुसात पुरून ठेवल्या, अंडी ठेवावीत तशा. दर बाजाराच्या दिवशी मी एक कुपी मुठीत घेऊन मालवणला चालत जायचो. मुठीच्या उबेने तेल पातळ व्हायचे. कंपाउंडर सुई उकळायचा आणि मी पालथा पडायचो. दोन दिवस एका बाजूवर बसता यायचे नाही. शाळेत मी फळ्याशी उभा राहून शिकवू लागलो आणि तपासनीसांनी माझ्या उत्साहाची नोंद घेतली.

महिनाभर काही नाही. दुसऱ्या महिन्यात दुपारची झोप गेली. मग एका रविवारी गोपाळचा वस्तरा गालावर फिरताना आवाज झाला. तो थांबला. पुन्हा फिरवला. पुन्हा आवाज. "मास्तरानु," तो म्हणाला, "ऐकलात?" आम्ही दोघे बराच वेळ तो आवाज ऐकत बसलो.

श्रावणी पौर्णिमेला बापूने सुंभ काढले. माझी गाठ बोटभर सरकली होती. बापूने ती दोनदा मोजली आणि सगळ्यांना दाखवत फिरला.

एका गोष्टीचे मात्र मला अजून नवल वाटते. गावात मी शांत स्वभावाचा म्हणून प्रसिद्ध होतो. लोक भांडणे मिटवायला माझ्याकडे यायचे. तिसऱ्या महिन्यात मी शाळेत टेबलावर मूठ आपटली आणि शाई सांडली. घरी वडिलांशी उलट बोललो. मग विचार पडला, सात वर्षांचा तो शांतपणा माझा होता की नुसता त्या रसाचा तुटवडा होता? आणि आता जो धीर वाटतो आहे तो माझा, की कुपीतला? मोठ्या डॉक्टरांना पत्राने विचारले. त्यांनी मात्रा थोडी कमी केली आणि बाकीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही.

देवळातली बैठक

दसऱ्याच्या आठ दिवस आधी देवळात मानकऱ्यांची बैठक बसली. थोरले गावकर खाकरले.

"मास्तरान तरंग घेवचो, ह्या बरोबर. पण घरात पोर नाय. बायलेक काय तरी दोष आसा म्हणतत. आधी तो काढूक होयो. नायतर ह्या वर्सा बापूच्या घरान घेवचो."

वडील जमिनीकडे बघत होते. इंदू बायकांत मागे उभी होती. मी काही बोललो नसतो तर दोष काढण्याचे काहीतरी थातूरमातूर होऊन गेले असते आणि मान बहुधा आमच्याकडे राहिला असता. इंदूच्या नावावर दोष मात्र कायमचा लागला असता. बोललो तर मान जाणार, असे मला वाटत होते.

मी उठलो. "तिका दोष नाय. दोष माका आसा. गालगुंडान झालो. औषध चालू आसा, पोर होवचा नाय."

पहिला बापू बोलला. "गालगुंडां माकाय झाल्ली. माझी वरच रवली, तेची खाली गेली. ह्येत कोणाचो गुन्हो?"

मागून कोणीतरी फिसकन हसले. वडिलांनी मान वर केली. "घेवचो असलो तर माझोच झिल घेतलो," ते म्हणाले. "देवीकच इचारा."

देवीला कौल लावला. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक कळी ओली करून चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार. गावकरांनी गाऱ्हाणे घातले, त्यात माझ्या गालगुंडाचा स्पष्ट उल्लेख होता, आणि सगळा गाव एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाला. जगात फार थोड्या रुग्णांच्या केसपेपरला एवढे अनुमोदन मिळाले असेल.

उजवी कळी पडली. त्या बाजूला खिडकी होती, हे मी नमूद करून ठेवतो. खिडकीबद्दल कोणाचे मत विचारले नाही. बाहेर पडताना इंदू माझ्या पुढे चालत होती, आणि बायका तिला वाट देत होत्या.

दसरा

सकाळी वडिलांनी मला गाभाऱ्यामागे नेले आणि माझ्या कमरेला शेला करकचून बांधला. शेल्यात पोटाशी फणसाच्या लाकडाची एक खोबण होती. त्यांनी मंत्र पुटपुटत तरंगाचे टोक त्या खोबणीत बसवले, आणि खांब उभा राहिला. सगळे ओझे कमरेवर. हातांना फक्त तोल धरायचे काम.

मी वडिलांकडे बघितले. "हातार काय येणाच नाय?"

"नाय."

"मगे आधी कित्याक नाय सांगलात? वरीसभर जोर काढलंय मी. मुडी घेवन पडलंय."

"आधी तू इचारलंस खंय?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "माका तरी कोणी सांगला होता?"

ढोल वाजले. मी शिवेपर्यंत गेलो आणि परत आलो. खांदे भरून आले, पोटऱ्या थरथरल्या, पण गुडघे वाकले नाहीत. आपट्यापाशी लोक म्हणत होते, यंदा देवी भारी झाली आहे, मास्तर म्हणून निभावले. इंदूने सर्वांबरोबर तरंगाच्या पाया पडून घेतले, म्हणजे ओघाने माझ्याही. वर बघून ती किंचित हसली. ती कशाला हसली ते मी पुढे कधी विचारले नाही.

औषध अजून चालू आहे. आता कुपी तीन आठवड्यांतून एकदा लागते. मूल झाले नाही. ज्यांना हे वाचून स्वतःची काही लक्षणे आठवली असतील, त्यांनी तालमीत जाण्याआधी न्हाव्याला विचारावे आणि नंतर डॉक्टरला. लाजेपायी मी जी सात वर्षे घालवली ती कोणत्याही कुपीत परत मिळत नाहीत.

पुढे काही वर्षांनी जुन्या तरंगाला वाळवी लागली म्हणून नवा करवला. त्याच मापाचा, त्याच लाकडाचा, तोच मुखवटा, तीच लुगडी. प्रतिष्ठा होईपर्यंत तो देव नसतो, त्यामुळे हात लावायला हरकत नव्हती. आदल्या दुपारी मी आणि बापूने तो तांदळाच्या वखारीत नेऊन काट्यावर चढवला.

अर्धी मुडी भरला. बापूची छत्री पारड्यातच राहिली होती, ती धरून.